घासलेलं पितळ आठ दिवसांत पुन्हा काळं, हिरवं किंवा गुलाबी पडतंय? आधी हे तपासा

श्रावण लागला की आमच्या गिरगावातल्या चाळीत माझ्या दारात पितळ यायला सुरुवात होते. समया, निरांजनं, घंटा, लोटे, कुणाच्या आजेसासूबाईंचं घंगाळ. सोबत ठरलेलं वाक्य येतं : "काकू, परवाच घासली हो! आता बघा." मी एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत 31 वर्षं सहायक होते, म्हणून लोकांना वाटतं माझ्याकडे एखादी जादूची बाटली असेल. बाटली काही नाही. इतकी वर्षं तेच तेच दुखणं बघून एक मात्र कळलंय. घासताना कुणी हात आखडत नाही, घोळ होतो तो घासून झाल्यावरच्या दहा मिनिटांत. भांड्यावर आंबट राहतं, मीठ राहतं, पाणी राहतं, आणि मुंबईची हवा उरलेलं काम करते. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास असते, शिवाय समुद्राचं मीठ वाऱ्याबरोबर घरात येतं. अशा हवेत भांड्यावर राहिलेला चिमूटभर क्षारसुद्धा ओल धरून बसतो.

खाली लिहिलंय ते फुकटच्या तपासणीपासून खर्चाच्या तपासणीपर्यंत. क्रम मोडू नका. पुष्कळ जण थेट बफिंगवाल्याकडे (फिरत्या चाकावर घासून चकाकी आणणाऱ्याकडे) जातात, पैसे देतात आणि पुढच्या महिन्यात भांडं पुन्हा तसंच होतं.

आधी लक्षणं : तुमच्या भांड्याला नक्की काय झालंय?

उजेडात, खिडकीपाशी नेऊन बघा. ट्यूबलाइटखाली गुलाबी आणि तपकिरी सारखेच दिसतात.

सगळीकडे सारखा, हळूहळू चढलेला तपकिरी रंग असेल तर तो रोग नव्हे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यातल्या तांब्यावर हवेने थर चढणारच. दोन-तीन महिन्यांनी असा रंग आला तर घासा आणि विसरा. तो आठ दिवसांत आला तर पुढे वाचा.

बोटांचे काळे ठसे किंवा थेंबाच्या आकाराचे गोल डाग, ज्यांची कड गडद आणि मधला भाग उजळ, हे घामाचं नाहीतर पाण्याचं काम.

फक्त तळाला काळं कडं उमटलं असेल तर ते कशावर ठेवलंय ते बघा.

हिरवं दोन प्रकारचं असतं आणि हा फरक महत्त्वाचा आहे. समईच्या वाटीत, वातीच्या जागी मेणचट गडद हिरवं दिसतं ते तेलाचं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण एखाद्या खड्ड्यात, नक्षीच्या खाचेत फिकट, भुरभुरीत, पुडीसारखं हिरवं येत असेल, पुसलं की निघत असेल आणि आठवड्याने नेमकं त्याच ठिकाणी परत येत असेल, तर तो कळंक आतून येतोय.

गुलाबी किंवा तांबूस झाक, विशेषतः आंबटात भिजवल्यावर आलेली. हा प्रकार हल्ली फार वाढलाय.

वाघाच्या अंगासारखे पट्टे, म्हणजे काही भाग नवाकोरा चकचकीत आणि त्याला लागूनच काळा.

आणि शेवटची चीर. केसाएवढी, लोट्याच्या गळ्याशी नाहीतर कळशीच्या काठाला. चीर दिसली तर घासणं थांबवून सरळ चिरांबद्दलचा भाग वाचा.

1. चुंबक लावा

फ्रिजच्या दारावरचा चालेल. चिकटला तर तुमची समई पितळेची नाही, लोखंडावर पितळी मुलामा आहे. मुलामा कागदाहूनही पातळ असतो. चिंच-राखेने चार वेळा घासलात की खालचं लोखंड उघडं पडतं आणि मग जे येतं तो गंज. तो कोणत्याही पावडरीने जाणार नाही.

चुंबक चिकटला नाही म्हणजे शंभर टक्के पितळ, असंही नाही. जस्ताच्या ओतीव वस्तूंवरही मुलामा देतात. बैठकीच्या खाली, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे सुईने हलकीशी रेघ ओढा. आत पिवळं दिसलं तर पितळ, पांढरट-राखाडी दिसलं तर मुलामा. मुलाम्याची वस्तू साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करायची, बस्स.

मी स्वतः एकदा ही तपासणी टाळली. शेजारच्या मुलीच्या लग्नात आलेली समई, वजनाला चांगली जड, मी तासभर घासली. तिसऱ्या दिवशी तिच्या पायावर तपकिरी ठिपके. तेव्हापासून चुंबक माझ्या घासायच्या डब्यातच असतो.

2. ठेवता कुठे आणि कशात?

यालाही पैसे लागत नाहीत. पितळेला सगळ्यात लवकर काळं करतो तो गंधक, आणि घरात गंधक कुठे कुठे असतो हे पटकन लक्षात येत नाही. रबरात असतो. झाकण घट्ट बसावं म्हणून लावलेला रबर बँड, देव्हाऱ्याखालची रबरी चटई, कपाटात घातलेला रबरी कागद, या सगळ्यांचे काळे ठसे पितळेवर उमटतात. तळाच्या काळ्या कड्याचं उत्तर बहुतेक वेळा हेच. लोकर, अंडी, कांदा-लसूण यांतूनही गंधकाचे वायू निघतात. तुमची खिडकी खाडीवर किंवा उघड्या नाल्यावर असेल, तर सडक्या अंड्यासारख्या ज्या वासाने नाक मुरडता तो हायड्रोजन सल्फाइड. माहीमच्या खाडीलगत राहणाऱ्या माझ्या नणंदेकडची समई माझ्याकडच्या समईपेक्षा निम्म्या वेळात काळी पडते, घासणारी मीच असूनसुद्धा.

वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायची आपली सवय मोडा. तो कागद ओल शोषतो, आणि जुना होत जाईल तसा आम्लधर्मी होतो. जुनं सुती धोतर, पंचा किंवा साडीचा तुकडा, धुऊन पूर्ण वाळवलेला, हे सर्वांत चांगलं. बाहेरून प्लॅस्टिकची पिशवी चालेल, पण भांडं हाडासारखं कोरडं असेल तरच. ओलसर भांडं पिशवीत बांधणं म्हणजे त्याला वाफेच्या खोलीत कोंडणं. औषधांच्या डब्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका. दोन-चार पिशवीत टाका, मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

3. शेवटचं पाणी कोणतं होतं?

इथे जरा थांबते, कारण माझ्याकडे येणारी निम्मी-अधिक भांडी इथेच फसलेली असतात.

पितळ कशाने घासलं याला मी फार महत्त्व देत नाही. चिंच, आमसुलं, ताक, लिंबाची फोड आणि मीठ, राख, पितांबरी, सगळ्यांनी काळा थर निघतो, कारण आंबटात तो विरघळतो. प्रश्न पुढचा आहे. घासून झाल्यावर आपण नळाखाली धरतो, चकाकी बघून खूश होतो आणि उपडं घालून ठेवतो. नक्षीत, कडीच्या खाली, काठाच्या वळणात आंबट आणि मीठ तसंच असतं. त्यातलं मीठ जास्त वाईट. लिंबू-मिठाने पितळ दोन मिनिटांत सोन्यासारखं होतं म्हणून ते सगळ्यांना आवडतं, आणि त्याच मिठातल्या क्लोराइडमुळे पुढचा हिरवा कळंक चढतो. मी मीठ पूर्ण बंद केलंय.

धुण्याची माझी पद्धत अशी. वाहत्या नळाखाली पूर्ण एक मिनिट, जुन्या टूथब्रशने खाचा घासत. मग लिटरभर पाण्यात एक छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून त्यात भांडं दोन मिनिटं बुडवायचं. उरलेलं आंबट त्यात मरतं. पुन्हा नळाखाली, कारण सोडाही मागे ठेवायचा नाही. शेवटी उकळतं पाणी वरून ओतायचं. भांडं तापतं आणि पाणी आपोआप उडून जातं. चिमट्याने किंवा जाड कापडाने धरा, पितळ उष्णता फार पटकन हातापर्यंत पोचवतं.

आंबट खरंच गेलंय का, हे बघायचं असेल तर गणपतीच्या जास्वंदी कामाला येतात. दोन-तीन लाल पाकळ्या गरम पाण्यात घातल्या की जांभळट पाणी मिळतं. भांड्यावरून निथळलेल्या शेवटच्या पाण्यात त्याचे थेंब टाका आणि शेजारी साध्या नळाच्या पाण्यातही टाका. भांड्याचं पाणी जास्त लालगुलाबी झालं तर आम्ल शिल्लक आहे, हिरवट झालं तर सोडा शिल्लक आहे. प्रयोगशाळेत आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना हेच दाखवायचो. घरी करून बघितलं की मुलांना भांडी घासायलाही उत्साह येतो, निदान एक दिवस.

आता पाणी. मुंबईच्या नळाला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं पाणी येतं. ते मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं आणि त्याचे डाग फारसे पडत नाहीत. पण ज्या सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळतात, तिथे कथा वेगळी. माझी एक मैत्रीण वर्सोव्याला राहते. तिच्या समईवर कायम गोल डाग. पावडर बदलली, कापड बदललं, शेवटी मी तिला म्हटलं, "अगं, नळाचं पाणी स्टीलच्या ताटलीत ओतून वाळू दे, मग बघ." ताटलीवर पांढरा थर राहिला. बोअरचं खारट पाणी! आता ती शेवटचं धुणं बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने करते. लहान समईला पाव लिटर पुरतं.

वाळवायला एक कापड पुरत नाही, दोन घ्या. पहिलं पाणी टिपायला, दुसरं पूर्ण कोरडं. पावसाळ्यात वर हेअर ड्रायर किंवा अर्धा तास पंखा. आणि यापुढे भांडं हाताळायचं ते कापडाने. मे महिन्यातल्या मुंबईकराच्या तळहातावर किती मीठ असतं हे मी सांगायला नको.

4. समई उघडून बघितलीत का?

समई अखंड नसते. पाय, दांडा, वाटी, वरचा मोर किंवा कळस, सगळं आट्यांवर बसवलेलं असतं. दांडा बहुतेक वेळा पोकळ. अख्खी समई बुडवून घासली की आंबट पाणी आट्यांतून आत शिरतं आणि पुढचे पंधरा दिवस थोडं थोडं बाहेर झिरपत राहतं. सांध्यांखालून खाली ओघळलेली काळी-हिरवी रेघ दिसत असेल तर कारण हेच, दुसरं काही शोधू नका.

सगळे भाग सुटे करून घासा, सुटेच वाळवा आणि दुसऱ्या दिवशी जोडा. आटे अडकले असतील तर पक्कड लावू नका, पितळ मऊ असतं, दातांचे वण कायमचे राहतात. सांध्यावर गरम पाणी ओता, मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. तरीही सुटत नसेल तर न उघडता ओल्या कापडाने पुसण्यावर समाधान माना.

5. आंबटाआधी तेल काढलंत का?

समईच्या वाटीत वर्षानुवर्षं तेल जळून जो चिवट राप बसतो, त्यातून आंबट आत जात नाही. मग आपण जोर लावतो, ओरखडे काढतो आणि ओरखड्यांत पुन्हा तेल बसतं. आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि भांडी घासायचा साबण घालून अर्धा तास भिजवा. राप सुटला की मगच आंबट.

मेणचट हिरवं इथेच निघतं. तेल शिळं झालं की त्यातली स्निग्धाम्लं तांब्याला खातात आणि तेल हिरवं होतं. रोज उरलेलं तेल टिपून वाटी पुसली तर हिरवं येतच नाही. म्हणूनच "घासून झाल्यावर खोबरेल लावा" हा सल्ला मला पटत नाही. मुंबईच्या उकाड्यात खोबरेल महिन्यात खवट होतं आणि ज्यापासून वाचायचं तेच पुन्हा तयार होतं. शोभेच्या वस्तूला शिलाई मशीनचं तेल, अगदी पुसट, कापडाने लावून पुसून टाकलेलं. ते खवट होत नाही. ज्यात खायचं-प्यायचं किंवा नैवेद्य ठेवायचा, त्याला काहीच लावू नका.

6. गुलाबी झालंय? मग किती वेळ भिजवलं होतं?

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासूबाईंचा पितळी लोटा मी रात्रभर चिंचेच्या पाण्यात ठेवला होता. प्रयोगशाळेत काम करणारी सून, तिला कोण शिकवणार! सकाळी लोटा गुलाबी. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण पुढची दोन वर्षं तो लोटा त्यांनी मला हात लावू दिला नाही.

होतं काय, आंबट आधी काळा थर विरघळवतं, तो संपला की पितळेतल्या जस्ताकडे वळतं. जस्त निघून जातं आणि पृष्ठभागावर तांबं उरतं, तेच गुलाबी दिसतं. त्यात तीच चिंच पुन्हा पुन्हा वापरली असेल तर तिच्यात आधीच्या भांड्यांचं तांबं उतरलेलं असतं. आणि लोखंडी तारेची घासणी किंवा सांडशी त्या पाण्यात पडली तर विरघळलेलं तांबं बाहेर येऊन भलतीकडे चढतं.

माझं प्रमाण : एक लिटर कोमट पाणी, एक सपाट छोटा चमचा म्हणजे साधारण 5 ग्रॅम लिंबूसत्त्व, प्लॅस्टिकचा टब, पाच मिनिटं. फारच काळं असेल तर दहा. घड्याळ लावा. दर खेपेला नवं पाणी. टबात लोखंड घालायचं नाही.

गुलाबी झालेलं वाचतं का? झाक वरवरची असेल तर वाचतं. खडूची बारीक पूड आणि साबणाचा फेस घेऊन मऊ कापडाने गोल गोल चोळा, खालचा पिवळा रंग परत येतो. पण सुईने टोचल्यावर गुलाबी भाग भुसभुशीत लागत असेल आणि पूड निघत असेल, तर जस्त खोलवर गेलंय आणि उरलाय तो तांब्याचा स्पंज. जुन्या नळाच्या चकत्या, बोटीवरचे स्क्रू असे होतात. असं भांडं चमकवता येतं, वापरता येत नाही.

एक गोष्ट ओरडून सांगते. संडास धुवायचं ॲसिड पितळेला लावू नका. एका झटक्यात लख्ख होतं म्हणून लोक लावतात. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, म्हणजे आंबट आणि क्लोराइड दोन्ही एकदम. आणि त्यात चुकून ब्लीच मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

7. पट्टे असतील तर लॅकर

नव्या शोभेच्या पितळेवर पारदर्शक लॅकर (वार्निशासारखा लेप) असतं. ते जिथे उडतं तिथे काळं, जिथे टिकतं तिथे चकचकीत. लिंबाचा थेंब काळ्या भागावर ठेवा, मिनिटभरात उजळलं तर लॅकर गेलंय. चकचकीत भागावरचा थेंब काहीच करणार नाही. अर्धवट लॅकरवर घासणं फुकट आहे. आधी थिनर कापसाला लावून ते सगळं काढावं लागतं. गॅलरीत बसून, हातमोजे घालून, जवळपास दिवा-उदबत्ती नसताना. मग वरच्या पद्धतीने स्वच्छ करा. परत लॅकर लावायचं असेल तर ते बफिंगवाल्याकडूनच. घरी फवारलेलं लॅकर पावसाळ्यात ओल धरून पांढुरकं पडतं.

8. त्याच जागी परत येणारा भुरभुरीत हिरवा

यात खाचेच्या तळाशी क्लोराइड मुरलेलं असतं. हवेतली ओल मिळाली की ते तांब्याला खातं, हिरवी पूड तयार होते आणि क्लोराइड पुन्हा मोकळं होऊन पुढचं तांबं खायला लागतं. वरून घासून हे चक्र तुटत नाही. लाकडी काडीने पूड खरवडून काढा, डिस्टिल्ड पाण्यात भांडं बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, आठवडाभर. मग पूर्ण वाळवून सिलिका जेलबरोबर डब्यात बंद करा. महिन्याने उघडून बघा. हिरवं परत दिसलं तर तुमच्या हातातलं काम संपलं.

कल्हई केल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर आश्चर्य नाही. कल्हईला नवसागर लागतो आणि तो क्लोराइडच आहे. कल्हईवाल्याने भांडं नीट धुतलं नसेल तर घरी आणल्याबरोबर बाहेरून-आतून सोड्याच्या पाण्याने धुवा.

9. चिरा

याची गोष्ट मला सगळ्यात आवडते, आणि ती आपल्याच देशातली आहे. बंदुकीच्या काडतुसाची पुंगळी पितळेची असते. 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त, चकतीला ओढत ओढत नळीचा आकार दिलेला. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळाभर तबेल्यांत साठवलेली असायची, आणि पाऊस संपल्यावर बघावं तर पुंगळ्यांना आपोआप चिरा! कुणी ठोकलं नाही, कुणी आपटलं नाही. ऋतूबरोबर चिरतं म्हणून त्याला सीझन क्रॅकिंग असं नाव पडलं. खरं कारण 1921 साली उलगडलं. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि ओढताना पितळेत कोंडून राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ फाटतं. पुंगळ्या ठरावीक तापमानाला तापवून तो ताण काढून टाकणं, हा त्यावरचा उपाय.

परदेशात नेमबाजीच्या रिकाम्या पुंगळ्या साफ करून पुन्हा भरणारे लोक आहेत. (आपल्याकडे काडतुसं शस्त्र कायद्याखाली येतात, तो घरगुती उद्योग नव्हे.) पितळ घासण्याबाबत त्यांच्याइतकं काटेकोर कुणी नसेल, कारण तिथे एक चीर महागात पडते. अमोनिया असलेलं पॉलिश पुंगळीला लावायचं नाही, हा त्यांचा नियम. तोच मी लोट्या-कळशांना लावते, कारण त्यासुद्धा पत्रा ठोकून, ओढून केलेल्या असतात. पॉलिशच्या बाटलीचा वास घ्या. नाकात झिणझिण्या आल्या तर ओतीव समईला एक वेळ चालेल, लगेच धुऊन टाकलं तर, पण ठोकीव भांड्याला नाही. काचा पुसायचं द्रव, केसांचा कलप यांतही अमोनिया असू शकतो, म्हणून पितळी भांडी बाथरूममधल्या कपाटात ठेवू नका. कबुतरांनी घाण केलेल्या गॅलरीत तर नकोच.

चीर पडलेलं भांडं घरी गॅसवर तापवून "ताण काढायचा" प्रयत्न करू नका. झाळून जोडलेले सांधे वितळतील आणि कळशीचा तळ हातात येईल.

10. मशीनचं काम

माझ्या भाच्याचं भांडुपला लेथचं छोटं वर्कशॉप आहे. पितळेचे बुश आणि नोझल हजारांनी निघतात. ते हाताने कोण घासणार? त्याच्याकडे थरथरणारा डबा आहे. त्यात अक्रोडाच्या टरफलांचा किंवा मक्याच्या कणसांचा भुगा घालून माल टाकायचा. पुंगळ्यावालेही हेच वापरतात. त्याची तक्रार होती की माल चकाकण्याऐवजी मळकट निघतो. मी गेले, भुगा मुठीत घेतला, हात काळा! सहा महिने तोच भुगा. बदलला, प्रश्न मिटला. भुगा भरताना-काढताना मास्क लावा, त्या धुळीत धातू असतो.

ओला प्रकारही असतो, फिरत्या डब्यात पाणी, थोडा साबण आणि स्टीलच्या बारीक सळ्या. खाचा उत्तम निघतात. पण त्यात लिंबूसत्त्व चमच्याऐवजी मुठीने टाकलं आणि माल तीन तास फिरवला की पुन्हा तेच गुलाबी. शिवाय बारीक भोकांत सळी अडकून राहते, ती एकेक करून बघावी लागते.

घरच्या चार भांड्यांसाठी हे काही विकत घेऊ नका. ओरखडे फारच असतील तर बफिंग करून आणा. भुलेश्वर-तांबाकाट्याच्या भांडीबाजारात विचारलं तर करून देणारे सापडतात. पण नक्षीच्या वस्तूला बफ लावू देऊ नका, प्रत्येक वेळी नक्षी थोडी झिजते. मी अशी एक लक्ष्मी बघितली आहे, नाक-डोळे गेलेली, फक्त गुळगुळीत.

इथे थांबा, दुसऱ्याला बोलवा

स्वयंपाकाच्या पितळी भांड्याच्या आतली कल्हई उडून पिवळं दिसत असेल तर घासू नका, कल्हई करून घ्या. तोवर त्यात ताक, सोलकढी, चिंचेची आमटी काही ठेवायचं नाही. आंबट कळकतं आणि पोटात जातं ते तांबं. कल्हईसुद्धा घरी नाही. कथिल 232 अंशांना वितळतं आणि नवसागराचा धूर घशाला लागतो.

वजन पेलणाऱ्या वस्तूला चीर असेल, टांगता दिवा, झोपाळ्याची कडी, मोठी घंटा, तर आजच उतरवा. ती पुढे दुरुस्त होते का बदलावी लागते, हे धातूकाम करणाऱ्याने ठरवायचं.

पिढ्यान् पिढ्यांची मूर्ती, ताम्रपट, कोरलेला मजकूर असलेली कुठलीही वस्तू असेल तर लिंबाचा थेंबसुद्धा टाकू नका. वरचा गडद थर हा तिच्या वयाचा पुरावा असतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचं वेगळं केंद्र आहे, सल्ला हवा तर तिथे विचारावं. आठव्या तपासणीनंतरही कळंक परत येत असेल तर अशाच जाणकाराकडे जावं.

आणि पेटीत पुंगळी सापडली तर? हसू नका, माझ्याकडे आली आहे. आमच्याच चाळीतला एक मुलगा पिशवीतून वीतभर लांबीची पितळी नळी घेऊन आला. पणजोबा गोदीत होते, 1944 च्या स्फोटानंतर त्यांनी कुठून तरी आणून ठेवली होती म्हणे. "काकू, फुलदाणी करायचीय, लख्ख करून द्या." मी चष्मा लावून बूड बघितलं. मधल्या टोपीवर ठोक्याचा खळगा नव्हता, म्हणजे ती उडालेली नव्हती. वजनही रिकाम्या नळीचं वाटेना. मी त्याला म्हटलं, "बाळा, ही हलकेच जमिनीवर ठेव आणि चल बाहेर." दार लोटलं, मजल्यावरच्यांना खाली पाठवलं आणि 112 ला फोन केला. पोलीस ती पुंगळी घेऊन गेले, आणि फुलदाणीसाठी मी त्याला माझ्याकडचा जुना लोटा दिला. तोच, एकेकाळी गुलाबी झालेला.